प्रवाळांतले मासे कसे ओळखावे?

पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रांत उतरण्याचा छंद आतां आपल्याही कुटुंबांत शिरला आहे. अंदमानास जाऊन आलेलीं मुलें "रंगीबेरंगी मासे पाहिले" असें सांगतात; कोणते, हें विचारल्यास मात्र गप्प बसतात. ज्या घरांत मुलांस नक्षत्रें नांवानिशीं दाखविण्याची चाल आहे, त्या घरास हें शोभत नाहीं. (माशाचें नांव काढतांच नाक मुरडणाऱ्या आजीबाईंनीं निश्चिंत असावें, आम्ही पाहण्याच्या माशांविषयींच बोलत आहों.)

नवखा मनुष्य रंगावर भिस्त ठेवतो आणि तेथेंच फसतो. पाणी तांबडा प्रकाश प्रथम शोषून घेतें, त्यामुळें थोड्याच खोलीवर तांबडा मासा करडा दिसूं लागतो. विजेरी टाकल्यावर खरा रंग कळतो. शिवाय वयाबरोबरही रंग पालटतो. एंपरर एंजल या माशाचें पिल्लू गडद निळें असून त्याच्या अंगावर पांढरीं वर्तुळें असतात. मोठेपणीं त्याच अंगावर पिवळे आडवे पट्टे येतात. ब्लॉख या जर्मन पंडितानें १७८७ सालीं मोठ्या माशाचें वर्णन केलें, आणि त्याच्याच नांवें निघालेल्या १८०१ सालच्या ग्रंथांत पिल्लास निकोबारचें नांव देऊन निराळी जात ठरविण्यांत आलें! पोपटमाशांत तर पुष्कळदां मादी तपकिरी, नर हिरवा-निळा, आणि कित्येक माद्याच पुढें नर होतात. चोच मात्र बदलत नाहीं.

म्हणून आधीं अंगाची ठेवण, तोंड व शेपूट पाहावी. पट्टे व ठिपके मागाहून. दुसऱ्या माशांच्या अंगावरील किडे वेंचणारा निळा 'क्लीनर' आणि त्याचें सोंग घेऊन माशांच्या परांचे लचके तोडणारा लबाड, यांचे रंग व काळा पट्टा हुबेहूब सारखे. पहिल्याचें तोंड मुस्कटाच्या टोंकास, दुसऱ्याचें खालच्या बाजूस. एवढ्याच खुणेवर साव आणि चोर निवडावा लागतो.

हा केवळ नांवांचा खेळ नव्हे. फुलपांखरी माशांपैकीं 'मेलन' ही जात जिवंत प्रवाळावरच पोट भरते. पिवळट अंगावर बारीक जांभळट रेघा आणि डोळ्यावरून काळा पट्टा ही तिची खूण. 'थ्रेडफिन' पांढरा, त्याच्या अंगावर तिरप्या रेघांचे दोन संच काटकोनांत भिडतात व पाठीच्या परापासून एक दोरा मागें लोंबतो. तो किडे-शेवाळ असें मिळेल तें खातो. २०१० सालीं समुद्र तापून अंदमानचें प्रवाळ मोठ्या प्रमाणांत पांढरें पडलें. प्रवाळ मेलें कीं 'मेलन'ची उपासमार होते, 'थ्रेडफिन' कसाबसा तग धरूं शकतो. तेव्हां "फुलपांखरी मासे पुष्कळ होते" ही टिपणी कुचकामाची. पूर्वीं 'मेलन'च्या जोड्या दिसत तेथें आज एकही दिसली नाहीं, असें लिहून आणणारा मुलगा खरी बातमी आणतो.

पाण्यांत लिहिण्यासाठीं प्लॅस्टिकची पाटी व शिसपेन्सिल मिळते. तिजवर नांव नव्हे, आकृति काढावी. नांव सायंकाळीं पुस्तकांत शोधावें. माशाचा पाठलाग करूं नये. प्रवाळापासून हातभर दूर स्थिर राहिल्यास तोच आपण होऊन समोर येतो.