मोजपट्टी आपल्या देहाची हवी

२००४ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन संशोधकांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. मात्र देहातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के! ‘आपण कुठे लठ्ठ आहोत?’ असे म्हणून निश्चिंत राहणाऱ्या अकोला-अमरावतीच्या सडपातळ गृहस्थांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत.

मधुमेह रक्तातील साखरेत दिसतो तो उशिरा. तत्पूर्वी कित्येक वर्षे पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात आणि स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन स्रवून साखर आटोक्यात ठेवते. ही झाकलेली झीज मोजण्याची प्रमाणभूत पद्धत अमेरिकेत राल्फ डीफ्रॉन्झो व सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडली. शिरेतून ठरावीक वेगाने इन्शुलिन द्यायचे, दर पाच मिनिटांनी रक्त तपासायचे आणि साखर स्थिर राखण्यास किती ग्लुकोज द्यावे लागते ते पाहायचे. ग्लुकोज जितके कमी लागेल, तितका देहाचा प्रतिसाद मंद. कित्येक तासांची ही परीक्षा गावोगावी शक्य नाही. म्हणून १९८५ साली ऑक्सफर्डमधून सुलभ गणित आले. उपाशीपोटीची साखर (मिलिग्रॅममध्ये) आणि इन्शुलिन (मायक्रोयुनिटमध्ये) यांचा गुणाकार करून त्यास ४०५ने भागायचे. हे समूहाच्या अभ्यासाचे साधन आहे. प्रयोगशाळेगणिक इन्शुलिनचे आकडे बदलत असल्याने एकट्या रुग्णाचे निदान त्यावर बेतू नये.

याच गणिताने पुण्याजवळील सहा गावांत मोलाचे कार्य झाले. १९९३ पासून तेथील गर्भवती माता व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास सुरू आहे. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनचे ३.५ किलो. बाळ कृश, पण त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने टिकून! गर्भारपणी ज्या मातांत फोलेट अधिक आणि ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला होणारा विरोध अधिक आढळला. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हा प्रश्न वऱ्हाडाच्या उंबरठ्यावरचाच आहे. कुपोषणाने ज्याचे नाव देशभर गाजले ते मेळघाट अमरावती जिल्ह्यातच आहे. तेथील कमी वजनाचे बाळ जगविणे हे पहिले कर्तव्य. पण तेच बाळ तरुणपणी शहरात येऊन बैठे काम करू लागले, तर त्याच्या देहाचे काय होईल? याचे उत्तर साउदम्प्टनच्या आकड्यांत नाही. पुण्याच्या आकड्यांतही पुरते नाही. अकोल्याचे शासकीय आणि अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय यांनी वीस वर्षांचा पल्ला ठेवून असा अभ्यास हाती घ्यावा.

येथे कार्यकर्त्यांचेही काम आहे. उपाशीपोटी रक्त देण्यास येणारी माता ही प्रयोगाची वस्तू नव्हे. तिला हेतू तिच्या बोलीत सांगणे, तिची संमती व गोपनीयता जपणे आणि अहवाल तिच्या हाती पोहोचविणे, हे घरोघरी संपर्क असलेलाच करू शकतो.

सुश्रुतांनी प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले. सहज प्रमेही कृश असतो, हेही नोंदविले. त्या निरीक्षणाचा केवळ अभिमान बाळगणे सोपे आहे. ते निरीक्षण पुढे नेणे हाच खरा वारसा होय.