कापूस घरात, माणसे छपरीत



राळेगाव तालुक्यात कापसाची वेचणी सुरू झाली की घरे लहान होऊ लागतात. भिंती तितक्याच असतात. पण भाव वाढेल या आशेने आणलेला कापूस पुढच्या खोलीत पडतो आणि बघता बघता छताला टेकतो. मग दादाजींची बाज छपरीत जाते, मुलांची दप्तरे चुलीजवळ येतात आणि मेहमान आले तर बसवायचे कुठे, हा प्रश्न उरतो. एखाद्या वर्षी हा मुक्काम उन्हाळ्यापर्यंत लांबतो.

कापूस घरात ठेवण्यावाचून अनेकांना इलाज नसतो, हे आम्ही जाणतो. हमीभावाच्या खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तरच पूर्ण भाव मिळतो आणि 12 टक्क्यांच्या वर माल घेत नाहीत. त्यामुळे कापूस सुकवणे आणि सांभाळणे आलेच. पण तो एकाच खोलीत ठेवावा, दोन खोल्यांत पसरू नये. खाली फळ्या आणि ताडपत्री असावी, भिंतीपासून वीतभर अंतर असावे. विजेचे बोर्ड ढिगाखाली दाबले जाऊ नयेत. चूल, विडी, अगरबत्ती त्या खोलीपासून दूरच बरी. बाहेर पडायची वाट तर कधीच अडवू नये. जुन्या कापसाने अंगाला खाज सुटते, दम्याच्या माणसाला त्रास होतो. म्हणून त्या खोलीत लेकरांना आणि म्हाताऱ्यांना झोपवू नका.

आता उरलेल्या जागेचा हिशेब करू. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह 25 चौरस मीटर ठरले, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट. यात 6 बाय 4 फुटांचे दोन दिवाण टाकले की 48 चौरस फूट जागा रात्रंदिवस अडकली. पाच माणसे जमिनीवर गाद्या टाकून झोपली तर प्रत्येकी 15 प्रमाणे 75 चौरस फूट लागतात. पण सकाळी गाद्या गुंडाळल्या की ती सगळी जागा मोकळी. म्हाताऱ्या माणसाला खाली बसता-उठता येत नाही, त्याची बाज राहू द्या. बाकीच्यांसाठी दिवाण घ्यायचाच असेल तर खाली पेटी असलेला एकच घ्या आणि रजया, गाद्या त्यातच ठेवा.

लहान घर भिंतींनी वाटता येत नाही, ते वेळेने वाटावे लागते. फजरला जिथे जानमाज पसरते, तिथेच सकाळी मुले अभ्यासाला बसतील, दुपारी शिलाई मशीन चालेल आणि रात्री दस्तरखान पडेल. हे जमायचे तर प्रत्येक काम आटोपल्यावर त्याची वस्तू जागेवर गेली पाहिजे, आणि ते एकट्या अम्मीचे काम नव्हे. ज्याची गादी, त्याने गुंडाळावी.

हे आपल्याला नवे नाही. हजरत आयेशा (रजि.) यांचा हुजरा इतका छोटा होता की रात्रीच्या नमाजमध्ये प्रेषित (स.) सजद्याला जात, तेव्हा त्या आपले पाय आवरून घेत, असे हदीसमध्ये आले आहे. सूरह नूरमध्ये तीन वेळा सांगितल्या आहेत: फजरच्या आधी, दुपारी विश्रांतीला कपडे उतरवल्यावर आणि ईशानंतर. या वेळी घरातल्या लहान मुलांनीसुद्धा विचारून आत यावे. खोली एकच असली तरी प्रत्येकाला आपला पडदा मिळाला पाहिजे, हेच त्यातून आम्ही घेतो. दहा वर्षांच्या मुलांचे बिछाने वेगळे करण्याची शिकवणही आहेच. एक तार आणि एक जाड चादर एवढ्यावर हे साधते. घरात वयात आलेली मुलगी असेल तर कपडे बदलायला असा कोपरा आधी करा, शोकेसचे मग बघा.

आणखी दोन कामे याच आठवड्यात होण्यासारखी. माळ्यावरच्या पेट्या उतरवून पाहा. वर्षभर ज्या भांड्याला हात लागला नाही, ते गरजूला द्या. उन्हाळा संपल्यावर कुलर खिडकीतून काढून पाणी निथळू द्या, मग त्याच्या टाकीत घमेली, दोऱ्या, पाइप राहतात.

शेवटी कापसाचेच. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि तेव्हा कितीतरी घरांत ढीग तसाच असतो. भावाची वाट पाहायची की नाही, हे घरच्या कर्त्याने ठरवावे. पण जानेवारीत एकदा हिशेब मांडताना क्विंटलमागे वाढणाऱ्या रुपयांसमोर अभ्यासाला बसायला जागा नसलेली मुलगीही धरावी. सगळा कापूस विकता येत नसेल तर निदान दिवा आणि खिडकी असलेल्या बाजूचा विकून टाका. तिला चटईपुरती जागा झाली तरी पुरे आहे.