बंबाला बूच नको!

आमच्या शेगावात दिवाळीची अंघोळ तांब्याच्या बंबातल्या पाण्याने होई. बंबाचे तोंड मोकळे. पाणी फुगले तर सांडे, उकळले तर वाफ निघून जाई. आता गच्चीवर सौर बंब आला. त्याच्या टाकीलाही हवेसाठी एक उघडी उभी नळी असते. पण फवारा जोरात यावा म्हणून चिरंजीवांनी टाकीआधी दाबाचा पंप बसवला, तेव्हा त्या नळीतूनच कारंजे उडाले. नळकारागीर म्हणतो, “काका, नळीला बूच मारू!”

बाबा रे, २० अंशांचे १०० लिटर पाणी ८० अंशांवर गेले की सुमारे पावणेतीन लिटरने वाढते. त्याला जागा न मिळाली तर टाकी फाटते. बंद पद्धतच हवी, तर टाकी दाब सोसणारी हवी, वाढीव पाण्यासाठी रबरी पडद्यामागे हवा भरलेले भांडे हवे, आणि ठरावीक दाबाला आपोआप उघडणारी झडप तर हवीच हवी. त्यातून आपला हा खारपाणपट्टा! झडपेत क्षार बसला की ती उघडायचीच नाही. अधूनमधून तिची कळ उचलून पाहावी लागते. एवढा व्याप कोण करणार?

शेवटी पंप टाकीनंतर, गरम पाण्याच्या नळावर बसवला. गरम पाणी सोसणारा पाहून घेतला, एवढेच. वरची नळी उघडीच आहे.