बेणे कोणाचे?

वनस्पतींच्या जनुकांत बदल करण्याचा विषय निघाला की आपल्या धर्मग्रामांतून एक ठरावीक वाक्य ऐकू येते : ‘हा देवाच्या कामातला हस्तक्षेप आहे.’ वाक्य भाविकपणाचे वाटते. परंतु ती विचार टाळण्याची पळवाट आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

बारामती-इंदापूरच्या शिवारातला ऊस पाहा. कोइमतूरच्या संशोधकांनी गोड ऊस आणि त्याचा रानटी भाईबंद यांचा संकर करून 1918 साली ‘को 205’ हा वाण दिला. आपल्याकडचा ‘को 86032’ त्याच परंपरेतला. या माणसाने घडविलेल्या उसावर आपली घरे उभी राहिली; तेव्हा कोणाला पाप आठवले नाही. ‘उत्पत्ती’च्या पुस्तकात देवाने बाग मनुष्याच्या हाती दिली ती मशागतीसाठी आणि राखणीसाठी. मशागत पाप नव्हे. राखण विसरणे हे पाप.

आणि नेमकी राखणच आपण विसरतो. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तिच्याभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावाव्यात, म्हणजे अळीला प्रतिकारशक्ती लवकर येणार नाही, असा नियम होता. तो बहुतांशी कागदावरच राहिला. गुलाबी बोंडअळी सरावली, फवारण्या वाढल्या, 2017 साली यवतमाळात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. नियम होता, राखणदार नव्हता. उलटपक्षी, केवळ बंदीनेही काही साधत नाही. 2019 च्या जूनमध्ये शेतकरी संघटनेने अकोटजवळ मनाई असलेली कपाशी उघडपणे पेरली. चोरट्या बियाण्याला पावती नसते. फसलेल्या शेतकऱ्याने दाद मागावी कोठे?

आता जनुक-संपादनाचे नवे तंत्र आले आहे. युरोपच्या न्यायालयाने 2018 मध्ये अशा पिकांना जुनेच कडक नियम लागू केले. 2023 मध्ये युरोपीय आयोगाने ते सैल करण्याचा प्रस्ताव मांडला, तरी बियाण्यावर तशी नोंद हवी, असे त्यातही म्हटले. भारताने मार्च 2022 मध्ये परकीय जनुक नसलेल्या वाणांना बऱ्याच नियमांतून सूट दिली, आणि मे 2025 मध्ये भाताचे असे दोन वाण जाहीर झाले. परके जनुक नाही, म्हणून प्रश्नच नाही? जनुक परके नसेल. मालक परका असू शकतो.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’मध्ये या तंत्रावर सरसकट निवाडा दिला नाही, जमीन मूठभरांच्या हाती जाण्याचा धोका मात्र दाखविला आणि सर्वांना सामावून घेणारी प्रामाणिक चर्चा मागितली. ती चर्चा आपण करावी. पिशवीवर स्पष्ट नोंद हवी. माळेगावच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेसारख्या सार्वजनिक संस्थांनी परवानगीनंतरही शेतात पाहणी करून निष्कर्ष मराठीत जाहीर करावेत. आणि 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला दिलेला बियाणे राखण्याचा व देवघेवीचा हक्क कोणत्याही पेटंटाने वा कराराने कुरतडला जाऊ नये.

शेजाऱ्याच्या फडातून बेणे आणताना आपल्या वाडवडिलांनी फक्त शेजाऱ्याला विचारले. आपल्या नातवंडांना आणखी कोणाला विचारावे लागणार असेल, तर आज गप्प बसल्याचा जाब देव आपल्यालाच विचारील.