अदिती पंत आणि दूरची वाट



मे महिन्यात आपल्या कारंज्यात माठातले पाणीही कोमट होते. अशा गावात बसून बर्फाच्या खंडाची कल्पना करणे कठीणच! तरी आज तुम्हांला तिकडेच न्यायचे आहे.

दक्षिण ध्रुवाभोवती अंटार्क्टिका खंड पसरला आहे. त्याचा सुमारे ९८ टक्के भाग बर्फाखाली आहे. जुलै १९८३ मध्ये तेथे उणे ८९.२ अंश सेल्सिअस इतके तापमान नोंदले गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारताची तिसरी मोहीम गोव्याहून तिकडे निघाली. पहिली मोहीम १९८१ साली डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली गेली होती. त्या पहिल्या दोन्ही मोहिमांत एकही स्त्री नव्हती. तिसऱ्या मोहिमेत मात्र दोन स्त्रिया होत्या : भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ अदिती पंत.

अदिती पंत यांचा जन्म १९४३ साली नागपूरचा. म्हणजे आपल्या अमरावती-नागपूर रस्त्यावरच्याच शहराचा! पुण्यात विज्ञानाची पदवी घेताना त्यांच्या हाती ॲलिस्टर हार्डी यांचे समुद्रावरचे एक पुस्तक आले. त्यातून त्यांना समुद्राची ओढ लागली. शिष्यवृत्ती मिळवून त्या हवाईला गेल्या. पुढे लंडनमध्ये त्यांनी डॉक्टरेट घेतली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केले.

बर्फाच्या समुद्रात त्या काय शोधत होत्या? तेथील अन्नसाखळी. पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती असतात. त्यांवर कोळंबीसारखे क्रिल जगतात आणि क्रिल खाऊन अवाढव्य देवमासा जगतो. इतक्या मोठ्या प्राण्याचे जीवन इतक्या लहान वनस्पतींवर अवलंबून असते! हे समजण्यासाठी गारठ्यात उभे राहून पाण्याचे नमुने घ्यावे लागतात आणि त्यांची अचूक नोंद ठेवावी लागते. माझ्या मते खरे धैर्य याच कामात आहे. त्याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचे तेथील पहिले केंद्र उभे राहिले. पुढे भारत सरकारने अदिती पंत यांना अंटार्क्टिका पुरस्कार देऊन गौरविले.

काही जण म्हणतील, “त्या मोठ्या घरच्या. आमच्या मुलींना ते कसे जमणार?” त्या औंधच्या राजघराण्यातल्या होत्या, त्यांचे वडील राजदूत होते, हे खरे आहे. सर्वांना अशी सोय मिळत नाही. पण घरच्या मोठेपणाने पाण्याचा नमुना तपासता येत नाही. त्यासाठी अभ्यासच करावा लागतो. आणि ज्यांना सोय नाही, त्यांना ती करून देणे हे आपणा सर्वांचे काम नाही काय?

दहावी झाली, की “कॉलेज लांब आहे” एवढ्याच कारणाने किती हुशार मुलींचे शिक्षण थांबते! इल्म मिळवणे फर्ज आहे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मग तो मिळवण्यासाठी मुलाने बसने जावे आणि मुलीने घरी राहावे, हे मला पटत नाही.

मुलींनो, निकालानंतर घरात पुढच्या शिक्षणाचा विषय निघेल, तेव्हा गप्प बसू नका. अदबीने, पण स्पष्ट बोला. आणि मुलांनो, त्या वेळी बहिणीच्या बाजूने पहिला शब्द तुमचा असू द्या. गोव्याहून अंटार्क्टिका हजारो किलोमीटर दूर आहे. त्या मानाने आपल्या गावाहून कॉलेज फार जवळ आहे.