बैलाबरोबर शेतही उचललं जातं तेव्हा

पोळ्याला नात उमरखेडला आली होती. सहावीत आहे. शाळेनं संगणकावर पोळ्याचं चित्र काढून आणायला सांगितलेलं. दोन तास पेंट उघडून बसली. हिरवं शेत, आंब्याच्या पानांचं तोरण, आणि बैल, तो अगदी झूल-बाशिंग-घुंगरमाळेसकट. मग म्हणाली, "आजी, बैल जरा तोरणाखाली घेते." चौकट ओढून बैल उचलला तर त्याच्याबरोबर शेताचा चौकोनी तुकडाही आला, मागे पांढरं भगदाड! मागे घेतलं, पुन्हा केलं, तेच. पोरगी रडवेली झाली आणि मी तापले.

मंडळी, राग पेंटवर नाही. ती रांगोळी आहे. रांगोळीतला मोर उचलून दुसरीकडे ठेवता येतो का? पेंटला बैल ठाऊकच नसतो, त्याला फक्त रंगीत ठिपके कळतात. राग आहे तो पोरांना वर्षानुवर्षं फक्त रांगोळीच शिकवून "चित्रकला झाली" म्हणणाऱ्यांवर.

कारण दुसरी पद्धत जुनीच आहे. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड केला, त्यात रेघ ही रेघ म्हणूनच राहायची, पुन्हा पकडता यायची. मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या नकला बदलायच्या! अ‍ॅपलच्या मॅकवर १९८४ मध्येच मॅकपेंट आणि मॅकड्रॉ असे दोन वेगळे प्रोग्राम होते. आमच्याकडे पहिलाच तेवढा पोचला म्हणायचा.

मी नातीला लिब्रेऑफिसमधला ड्रॉ लावून दिला. फुकट आहे, मराठीतूनही वापरता येतो. इथे धड, पाय, शिंगं सगळं सुटं असतं, आम्ही फ्लॅनेल बोर्डावर कातरलेले आकार लावायचो तसं. एकावर क्लिक केलं की ते निवडलं जातं, शिफ्ट दाबून धरून बाकीचे जोडत जायचं. नाहीतर सगळ्यांभोवती चौकट ओढायची. पण एखादं शिंग चौकटीबाहेर राहिलं तर ते निवडलं जात नाही आणि बैल एका शिंगानं पुढे जातो. (पहिल्यांदा तसाच गेला. खूप हसलो.)

नुसती निवड तात्पुरती असते, बाजूला क्लिक केलं की मोडली. म्हणून गट करायचा. मी उभा जन्म मराठी शिकवलं, मला हे समासासारखं वाटलं. "आई" आणि "वडील" जोडले की "आईवडिलांना" म्हणताना प्रत्यय एकदाच लागतो आणि दोघांना पुरतो. तसंच गटाला एकदा ओढलं की शिंगं-शेपूट सगळं हलतं, एकदा लहान केलं की सगळं त्याच प्रमाणात लहान होतं. गट सोडला की विग्रह, सगळे भाग सुटे आणि शाबूत. सहावीच्या मुलाला यात अवघड काय आहे?

एका शिक्षकांना हे बोलले तर म्हणाले, "बाई, लहान मुलांना कशाला गोंधळात टाकायचं? शिवाय अभ्यासक्रमात नाही." गोंधळ! दोन तासांचं चित्र एका ओढीत फाटतं तो गोंधळ नाही? पेंटमध्ये मूल शिकतं की चुकलं तर खोडा आणि पुन्हा काढा. दहावीला आकृत्या काढायची वेळ आली की तीच मुलं एकेक रेघ सरकवत बसतात. अभ्यासक्रमात नाही म्हणे. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मिरवायचे हेही कुठल्या अभ्यासक्रमात नव्हतं, पोरं शिकलीच ना?

पेंट काढून टाका असं मी म्हणत नाही. पहिली-दुसरीला माउस हातात बसायला ते झकास आहे. तिसरीनंतर मात्र तेच ते देणं हा मला निव्वळ आळस वाटतो, आणि तो मुलांचा नाही.

असो. नातीनं त्या एका गटाच्या नकला करून सात बैल तोरणाखाली उभे केले. मग एकाचीच शिंगं लाल हवी झाली. मी म्हटलं, "गट सोड आधी." तर म्हणे, "नको आजी, एफ३ दाबून आत जाता येतं." हे मला माहीत नव्हतं.