गेला तो गावकरी होता!

गेल्या जून महिन्यात आमच्या शाळेत पालकांची सभा भरली आणि तीत एक ठराव एकमताने संमत झाला. ठराव असा : 'मोबाइलवरील जे खेळ विद्यार्थ्यांना खोटे बोलण्यास, संशय घेण्यास व विश्वासघात करण्यास शिकवितात, त्यांस शिक्षकांनी व पालकांनी सक्त मनाई करावी.' एकमताने म्हणतो खरा, पण त्यात माझे मत नव्हते. मी हात वर केला नाही, कारण हात गुंतलेला होता. बाकाखाली माझ्या हातात फोन होता, आणि त्या फोनवर माझी सख्खी आई, 'मी खुनी नाही रे, तुझी शपथ,' असे मला लिहून कळवीत होती.

तेव्हा या ठरावाविरुद्ध बोलणारा मनुष्य तटस्थ नाही, हे वाचकांनी आरंभीच जाणून असावे. सभेत मी गप्प बसलो ही माझी चूक झाली. गप्प बसण्याने काय घडते ते पुढे येईलच. तिथे जे बोललो नाही ते इथे बोलतो.

मी चित्रकलेचा शिक्षक. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, म्हणजे आजच्या भाषेत दहावी, आणि त्यावर रंगरेषांची एक पदविका. शिवाय चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. पोटासाठी सत्य आणि हौसेसाठी असत्य, असे दोन्ही व्यवहार मी वीस वर्षे सांभाळीत आलो आहे. त्यामुळे खोटेपणा या विषयावर मला थोडाफार अधिकार आहे असे मी समजतो.

आधी खेळ सांगतो. दहा माणसे आणि अकरावा सूत्रधार. सूत्रधार प्रत्येकाला फोनवर गुपचूप त्याची भूमिका कळवितो. दोघे खुनी, एक पोलीस, एक वैद्य, बाकीचे सहा साधे गावकरी. खुनी एकमेकांना ओळखतात. गावकऱ्यांना कोणाचेच काही ठाऊक नसते. रात्री खुनी एकाला ठार करतात, वैद्य एकाला वाचवू पाहतो, आणि पोलीस ज्याच्याविषयी विचारील तो खुनी आहे की नाही एवढे सूत्रधार त्याला खरे सांगतो. दिवस उजाडला की गाव जमते, वादावादी होते आणि बहुमताने एकाला फाशी दिले जाते. मेलेल्याने पुन्हा बोलायचे नाही. मग सूत्रधार जाहीर करतो, 'गेला तो खुनी होता.' बहुतेक वेळा तो जाहीर करतो, 'गेला तो गावकरी होता.'

हा खेळ १९८६ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात दिमित्री दाविदोव्ह या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने रचला. त्याचे मूळ नाव 'माफिया'. पुढे १९९७ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू प्लॉटकिन याने खुन्यांच्या जागी रात्री लांडगे होणारी माणसे आणली. आमच्या सभेचा मुख्य राग ज्यावर होता तो 'अमंग अस' याच वंशातला. २०१८ मध्ये तो आला तेव्हा त्याला फारसे कोणी विचारले नाही, आणि २०२० मध्ये घरोघरची पोरे त्यात बुडाली. त्यात अंतराळयानावर रंगीबेरंगी पोशाखांची माणसे कामे करतात आणि त्यांत एकदोन बहुरूपी असतात. मी तोही खेळून पाहिला. धावत्या गाडीत पोपटी आणि हिरवा यांत गफलत करून मी एका निरपराध माणसाला यानाबाहेर फेकले. चित्रकलेच्या शिक्षकाने हे कबूल करणे किती कठीण आहे, याची कल्पना वाचकांनी करावी.

आमच्या घरात 'माफिया' शिरला तो २०२० च्या टाळेबंदीत. आई पुण्याला बहिणीकडे, भाऊ नागपूरला, आम्ही बदलापुरात, आणि बाकीची भावंडे कुठे कुठे. कोणी कोणाकडे जायचे नाही. तेव्हा पुण्याच्या भाचीने सर्वांना फोनवर जमवून हा खेळ शिकविला. टाळेबंदी उठली, खेळ उठला नाही.

त्यापायी माझे जे नुकसान झाले ते मीच सांगून टाकतो, म्हणजे विरोधकांना शोधण्याचे श्रम नकोत. एकदा सकाळच्या गाडीत मी चौथ्या सीटवर, म्हणजे निम्मा हवेत, बसलो होतो. नागपूरहून भावाचा फोन आला. गाडीच्या खडखडाटात त्याला ऐकू जाईना, म्हणून मी ओरडून म्हणालो, "अरे, परवाचा खून माझा नाही! तो आईचा! मी फक्त तुझ्या बायकोला मारलं!" शेजारचे तिघेही उठून दाराकडे गेले. बदलापूरच्या गाडीत त्या वेळी खिडकी मिळालेला मीच.

दुसरा प्रसंग परतीचा. कल्याणला लोहमार्गाचे दोन फाटे होतात, एक कर्जतकडे आणि एक कसाऱ्याकडे. बदलापूर कर्जतच्या फाट्यावर आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्या संध्याकाळी आमच्या गावात फाशीचे मतदान चालू होते. मी मान वर केली तेव्हा फलकावर 'टिटवाळा' हे नाव होते. यात रेल्वेचा काडीचाही दोष नाही. गाडीवर कसारा स्वच्छ लिहिलेले होते. रात्री दहाला घरी पोचून मी सौभाग्यवतींना सांगितले, "आज अचानक मनात आलं, टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो." त्यांनी माझ्या रिकाम्या पिशवीकडे पाहिले आणि दोनच शब्द उच्चारले : "प्रसाद कुठाय?"

तेव्हापासून आमच्या घराण्यात पुराव्याला 'प्रसाद' म्हणतात.

आता मुख्य आक्षेप. हा खेळ म्हणे खोटे बोलायला शिकवितो आणि पूर्वीचे खेळ निरागस होते. पूर्वीचे म्हणजे कोणते? पत्त्यांतला गुलामचोर? त्यात हातातला गुलाम शेजाऱ्याच्या गळ्यात घालताना चेहरा कसा कोरा ठेवावा, हे मला माझ्या आजीने शिकविले. की राजा, प्रधान, शिपाई, चोर यांच्या चिठ्ठ्या? चोराची चिठ्ठी आली की राजासारखे हसायचे, हे कोणत्या मराठी मुलाला शिकवावे लागले? फार कशाला, पांडवांचा अज्ञातवास काय होता? साक्षात धर्मराज कंक झाला, भीम बल्लव नावाचा आचारी झाला, अर्जुन बृहन्नडा झाला आणि द्रौपदी सैरंध्री झाली. ओळखले गेले तर पुन्हा बारा वर्षे वनवास, अशी त्या खेळाची अट होती. आणि १६६६ मध्ये आग्र्याला महाराजांच्या पलंगावर हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन निजला, ही गोष्ट आपण वर्गात सांगतो ती काय लाजेने सांगतो? ती सांगताना आमच्या इतिहासाच्या गुरुजींचा आवाज चढतो. त्या सभेत हात सर्वांत उंच त्यांचाच होता.

पण हा झाला वकिली बचाव. माझे खरे म्हणणे वेगळेच आहे. या खेळात खोटे बोलतात दोघे, आणि तो बिघडतो आठांमुळे. दोघांनी खोटे बोलावे हा नियमच आहे. आठांनी ते ऐकून धडाधड निरपराधांना फासावर द्यावे, असा मात्र कुठलाही नियम नाही. तरी ते देतात. २००८ मध्ये ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मोसेल या गणितज्ञांनी या खेळावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवून दिले की गावात पोलीस नसेल तर सामना बरोबरीचा व्हायला लागणारे खुनी हे एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतात. म्हणजे गाव शंभरपट वाढले तरी खुनी दहापटच पुरतात. गाव जितके मोठे, तितकी त्याला फसवायला लागणारी माणसे त्या मानाने थोडी! गणितात मी कच्चा आहे, पण हे वाचले त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

झोप उडण्याचे कारण गणिताआधी घडले होते. दोन वर्षांपूर्वी आईला भेटून मी पुण्याहून परतत होतो. निघताना तिने माझ्या पिशवीत बेसनाचे लाडू घातले होते. त्या खेपेला मी पोलीस होतो, आणि आदल्या रात्रीच मला कळले होते की खुनी आई आहे. पोलिसाने लवकर तोंड उघडले तर त्याचाच मुडदा पडतो. म्हणून मी तो निरोप शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवला होता. मतदान सहाला बंद व्हायचे होते. वाटेत घाट आहे हे मात्र मी साफ विसरलो.

खंडाळ्याच्या पुढे बोगद्यामागून बोगदा सुरू झाला. 'थांबा! पोलीस मी आहे. खुनी आई!' हे शब्द मी पाठविले, पण निरोपापुढचे चिमुकले घड्याळ काही हलेना. मध्येच उजेड आला की इतरांचे निरोप भरभर येत, पुन्हा काळोख. भावाने विचारले होते, 'दादा बोलत का नाही?' वहिनीने लिहिले होते, 'संशयास्पद आहे.' मग आईचा निरोप आला : 'तो लहानपणापासून असाच. काही केलं असलं की गप्प बसतो.' सातांपैकी पाच मते माझ्यावर पडली. त्यांत एक आमच्या सौभाग्यवतींचे होते. कर्जत जवळ आले तेव्हा माझा निरोप पोचला, पण मेलेल्याचे कोण ऐकतो? भाचीने जाहीर केले, 'मामा गेला. गेला तो पोलीस होता.' पुढच्याच दिवशी गाव हरले.

कर्जतला उतरून मी बाकावर बसलो. लाडू खावेसे वाटेनात. आईचे वाक्य डोक्यातून जाईना, कारण ते वाक्य तिचे नव्हते. ते माझे होते.

पंधरा वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात एका मुलीची जलरंगांची नवी पेटी नाहीशी झाली. मी सर्वांना विचारले. सगळे बोलले, मागच्या बाकावरचा एक मुलगा बोलला नाही. मी त्याला उभे केले. तो खाली पाहत राहिला. मी म्हणालो, "गप्प आहेस, म्हणजे तूच!" वर्गाने माना डोलावल्या. तीन दिवस मी त्याला दाराबाहेर उभे केले. सत्राअखेर कपाट आवरताना जुन्या तक्त्यांच्या गुंडाळीमागे पेटी सापडली. बहुधा मीच ती उचलून ठेवली असेन. पेटी मी मुकाट्याने त्या मुलीला दिली. मुलाला काही सांगितले नाही. वर्गालाही सांगितले नाही. त्या वर्गात सूत्रधार नव्हता. 'गेला तो गावकरी होता,' असे मोठ्याने म्हणण्याचे काम ज्याचे होते, तोच गप्प बसला होता.

पुढच्या रविवारी मी त्याला शोधत गेलो. अंबरनाथला त्याचे मोटारसायकली दुरुस्त करण्याचे दुकान आहे. मी सगळे सांगितले. हातातला पाना खाली न ठेवता तो म्हणाला, "सर, मला तर आठवतही नाही." हे खोटे होते. वर्गातल्यासारखाच तो खाली पाहत होता. त्या दिवशी त्याच्या खाली पाहण्याचा अर्थ मला पहिल्यांदा बरोबर लागला. मला बरे वाटावे म्हणून तो खोटे बोलत होता.

ठराव करणाऱ्या सज्जनांनो, 'खोटे बोलू नये' हे आपण मुलांना पहिलीपासून शिकवितो. खोटे ओळखावे कसे, हे कोणत्या इयत्तेत शिकवितो? ओळखता येत नसेल तर हात आवरावा, हे कोणत्या इयत्तेत? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला भिक्षेसाठी फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा फोनांवरून पसरली होती. त्या पाचांपैकी कोणीही मुले पळविणारा नव्हता. त्या जमावातल्या कोणाला खेळात शंभर वेळा 'गेला तो गावकरी होता' हे ऐकावे लागले असते, तर एकशे एकाव्या वेळी त्याचा हात थबकला असता की नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण न ऐकता तो थबकला नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आक्षेपांतला एक भाग मला मान्य आहे. अनोळखी माणसांबरोबर मुलांनी खेळू नये. रात्र रात्र खेळू नये. आणि कल्याणला गाडी बदलताना तर मुळीच खेळू नये. पण मनाई कशाला? उलट, तुम्ही त्यांच्याबरोबर बसा. या दिवाळीत फराळ झाला की घरातली दहा माणसे जमवा. कोणी दूर असेल तर त्याला फोनवर घ्या. माझ्याकडून तीन नियम जास्तीचे. आरोप करणाऱ्याने कारण सांगावे. ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे आल्याशिवाय मतदान करू नये, मग तो बोगद्यात का असेना. आणि निरपराध गेला, तर त्याच्याविरुद्ध मत देणाऱ्या प्रत्येकाने हात वर करून 'माझे चुकले' असे म्हणावे. हा तिसरा नियम मोठ्यांना फार जड जातो. मुलांना जात नाही.

हे लिहीत असतानाच पुण्याहून निरोप आला आहे. 'या खेपेला मी अगदी साधी गावकरी आहे रे. लाडू पाठवलेत.' मी उलट कळविले आहे : 'लाडू पोचले. प्रसाद कुठाय?'